एकसष्ट फोनांच्या आजी

गोदामातून तक्रार विभागात बदली झाली तेव्हा दादांनी सगळ्यात आधी गोदामातल्या शिडीला हात जोडले. बावीस वर्षं ती शिडी चढून-उतरून गुडघ्यांनी शेवटी साफ सांगितलं होतं, एक तर शिडी, नाही तर आम्ही. तक्रार विभागात खुर्ची होती, टेबल होतं, टेबलावर फोन होता. ज्याचा मिक्सर बिघडला त्याचं ऐकून घ्यायचं आणि वहीत लिहायचं. कंपनी तीच, फाटक तेच, फक्त जागा तिसऱ्या मजल्यावर, आणि वर जायला लिफ्ट.

अट एकच होती. पहिला महिना चाचणीचा. महिन्याअखेर विभागप्रमुख मॅडमनी सही केली तर खुर्ची कायमची, नाही तर परत शिडी.

पहिल्याच दिवशी मॅडमनी बजावलं, "दादा, जुन्या विभागाची कामं इथे बसून करायची नाहीत. तुमच्या आधी पॅकिंगमधून एक जण आले होते. दिवसभर जुन्या मित्रांचे फोन. चौथ्या दिवशी परत पाठवलं."

"छे छे, मॅडम. ते दार बंद करूनच आलोय."

दार बंद केलं होतं खरं, पण किल्ली खिशातच राहिली होती. गोदामात सुटे भाग नंबरवार लावायचा नियम होता. दादांनी ते आपल्या डोक्याने लावले होते. जे भाग एकत्र बिघडतात, ते शेजारी शेजारी. पातं झिजलं की त्याखालचा रबर जातोच, म्हणून पात्याशेजारी रबर. बटण जळतं तेव्हा वायरही जळते, म्हणून बटणाला वायरीचा शेजार. व्यवस्था झकास होती. फक्त ती कुठे लिहिलेली नव्हती. ती दादांच्या टाळूखाली होती, आणि टाळू तिसऱ्या मजल्यावर गेली होती.

साडेदहाला पहिला फोन वाजला. दादांच्या जागी आलेला माणूस होता. त्याला सगळी कंपनी टकलू म्हणायची.

"दादा, छोटं पातं कुठं ठेवलंय? तासभर शोधतोय."

मॅडम दोन पावलांवर उभ्या होत्या. दादा गोड आवाजात म्हणाले, "हं, बोला आजी."

पलीकडचा गोंधळला. "दादा, मी टकलू बोलतोय."

"कळलं आजी. पातं ना? खिडकीजवळचं कपाट, सगळ्यात वरचा खण. जपून हं. आधी शिडी नीट टेकवा."

मॅडम वळल्या. "आजींना शिडीवर कशाला चढवताय?"

"मिक्सर माळ्यावर टाकलाय त्यांनी."

"बिघडलेला मिक्सर माळ्यावर?"

"रागाने."

प्रत्येक फोनची नोंद करायचा नियम होता, त्यामुळे आजी वहीत गेल्या. वय सत्तर, मिक्सर बंद. दुपारी टकलूला रबर मिळेना, आजींची दुसरी नोंद झाली. मग बटण, मग मोटरला भांडं जोडणारा कपलर. टकलू दिवसाला पाच-सहा फोन करायचा आणि आठवड्याभरात "आजी बोलतेय" असं स्वतःच सांगायला लागला. मिक्सरच्या बिचाऱ्या एकेका भागाची तक्रार वहीत चढत गेली. तो मिक्सर आता नुसत्या झाकणावर उभा होता.

दोन आठवड्यांनी मॅडमनी वही उघडली आणि चष्मा पुसला. "एका बाईंचे एकसष्ट फोन? आणि मिक्सर अजून बंदच? दादा, ही कंपनीची अब्रू आहे. शनिवारी मी स्वतः नवा मिक्सर घेऊन जाते, आजींची माफी मागते. तुम्हीही चला, त्यांना तुमचा आवाज ओळखीचा आहे. पत्ता सांगा."

दादांच्या तोंडचं पाणी पळालं. सत्तरीची, एकटी राहणारी आणि घरात याच कंपनीचा मिक्सर असलेली एकच बाई त्यांना माहीत होती. त्यांनी सासूबाईंचा पत्ता दिला.

बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून दादांचं सासूबाईंकडे जाणं कमी कमी होत थांबलंच होतं. गेलं की दोघंही रिकाम्या तिसऱ्या खुर्चीकडे बघत बसायची, आणि चहा गार व्हायचा. त्या संध्याकाळी मात्र गुडघ्यांसाठी ते गेले आणि सगळं सांगून टाकलं.

सासूबाईंनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे मी एकसष्ट फोन केले?"

"हो, आई."

"आणि तुम्ही सगळे उचलले?"

"हो."

"खोटं का होईना, ऐकून बरं वाटलं, जावईबापू."

दादांनी मान खाली घातली. मग भिंतीकडे बोट दाखवलं. "तेवढा लग्नाचा फोटो शनिवारपुरता काढून ठेवा. मी दिसतोय त्यात."

"त्यात माझी लेक आहे. तो हलणार नाही. हवं तर तुम्हाला कापते."

शनिवारी मॅडम खोकं घेऊन आल्या, खुर्चीवर बसल्या आणि माफीचं पहिलं वाक्य संपायच्या आत त्यांची नजर भिंतीवर गेली.

"दादा... हे तुम्ही?"

दादांची पाचावर धारण बसली. सासूबाई मात्र पदर सावरत म्हणाल्या, "तेच. जावई माझे."

"सख्खे जावई? मग एकसष्ट फोन कशाला केलेत, आजी?"

"घरी येत नाहीत, म्हणून ऑफिसात केले, बाई. तिथे तरी उचलावाच लागतो."

काय बोलायचं याची दादांनी आणि सासूबाईंनी आदल्या दिवशी तालीम केली होती, पण हे वाक्य त्यात नव्हतं.

"दादा, शोभतं का हे?" मॅडमचा आवाज चढला. त्यांनी नवा मिक्सर पुढे सरकवला, तर सासूबाईंनी तो मागे ढकलला. "हा नको. माझ्या लेकीने आणलेला आहे, तोच दुरुस्त करा. खरंच बंद आहे, वर्ष झालं."

मॅडमनी पिशवीतून समाधानपत्र काढलं आणि दादांच्या हातात दिलं. "तुम्हीच दुरुस्त करायचा. यावर आजींची सही आली, तरच तुमच्या कागदावर माझी."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत दादांनी गोदामाचा सगळा नकाशा काढून टकलूला दिला आणि एक कपलर रीतसर चिठ्ठी फाडून घेतला. संध्याकाळी मिक्सर सुरू झाला. "करा सही."

"उद्या वापरून बघते."

दुसऱ्या दिवशी मिक्सर आवाज करत होता. दादांनी खोलला, पुसला, जोडला. आवाज नव्हता. तिसऱ्या दिवशी म्हणे वास येत होता. चौथ्या दिवशी झाकण घट्ट बसत होतं, पाचव्या दिवशी सैल. रोज दादा पेचकस घेऊन जायचे, रोज काही सापडायचं नाही, आणि "आता आलाच आहात तर" म्हणून दोन घास खाऊन यायचे. दोघं बोलायला लागली होती. एकदा तर सासूबाईंनी लेकीची लहानपणीची अशी एक फजिती सांगितली, की हसता हसता दादांच्या हातातला स्क्रू हरवला.

नकाशा मिळाल्यापासून टकलूचे ऑफिसात येणारे फोन थांबले होते. मॅडम म्हणाल्या, "बघा, घरी जायला लागलात की फोन बंद!"

महिना संपायच्या आदल्या संध्याकाळी दादा अजिजीने म्हणाले, "आई, उद्या शेवटचा दिवस. सही नसेल तर परत शिडी."

सासूबाईंनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि बराच वेळ लिहीत बसल्या. मग कागदाची घडी घालून हातात दिली.

सकाळी मॅडमनी ती उघडून मोठ्याने वाचली. "मिक्सर उत्तम चालतो. दुरुस्तीच्या पहिल्या दिवसापासूनच चालत होता. पण कंपनीच्या माणसाने दर शनिवारी येऊन तपासणी करावी. जेवायच्या वेळेला."

त्यांनी वर पाहिलं. "दादा, बिघाड नाही हे तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"मग रोज कशाला जात होतात?"

दादांनी पेचकस खिशात सारला. "तक्रार होती ना, मॅडम."

मॅडमनी सही केली.