'आधार' नावाचा फोटो

"रविवारच्या सभेत माझ्यासमोर उभं राहायची कुणाची छाती होते तेच बघतो!" चहाचा पहिला घोट घेत इमारतीच्या सेक्रेटरींनी बायकोला बजावलं.

अकरा वर्षं ते बिनविरोध निवडून येत होते. या खेपेला मात्र तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर उभे राहणार अशी कुजबूज होती, आणि तेव्हापासून सेक्रेटरींना एकच घोर लागला होता. हे पद गेलं तर जिन्यात आपल्याला विचारणार कोण? पण त्यांच्याकडे हुकमाचा एक्का होता. लेकीनं वाढदिवसाला कॅमेरा दिल्यापासून त्यांना जिकडेतिकडे अर्थ दिसू लागला होता. थेंबात काळ, भेगेत नातं!

"डोक्यावरचा चष्मा सापडत नाही, आणि म्हणे भेगेत नातं!" बायको म्हणायची.

पण बेत पक्का होता. इमारतीतच काढलेले बारा फोटो सभेच्या खोलीत लावायचे. लोकांचे डोळे पाणावणार, डॉक्टर गारद!

रविवारी खोली भरली. पहिल्या फोटोखाली नाव होतं, 'काळ'.

"अगंबाई! हा तर टाकीचा पाईप!" चौथ्या मजल्यावरच्या वहिनी ओरडल्या. "पाच महिने गळतोय. तीनदा लिहून दिलंय मी!"

"वहिनी, त्या थेंबाकडे बघा ना. आयुष्य कसं निसटतंय…"

"निसटतंय कसलं? आमच्या कपाटात शिरतंय!"

झालं! 'नातं' म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची भेग निघाली, 'अंतरीचा प्रकाश' म्हणजे जिन्यातला फुटका दिवा. शाळेच्या जुन्या फोटोत माणसं स्वतःला शोधतात, तसा जो तो आपली तक्रार शोधू लागला. कुणीतरी फोटोंखाली पेन्सिलीनं तक्रार दिल्याच्या तारखासुद्धा टाकल्या. डॉक्टर हाताची घडी घालून म्हणाले, "मला भाषण करायची गरजच उरली नाही!"

सेक्रेटरी घाईघाईनं पुढे झाले. "अहो, बारावा बघा," ते काकुळतीला आले. "तो बघा आणि मग काय ते बोला!"

बारावा खरंच सुंदर होता. जिन्याचा कठडा जिथे तुटला होता, तिथे एक सुरकुतलेला हात हवेत चाचपडत होता. खाली नाव, 'आधार'. हात तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेचा होता. सगळी इमारत त्यांना बाई म्हणायची. सेक्रेटरी तर लहानपणी त्यांच्याच वर्गात होते.

बाई काठी टेकत पुढे आल्या. बराच वेळ फोटो बघत राहिल्या.

"छान आलाय रे. माझा हात काहीतरी शोधतोय, हे तुला बरोबर दिसलं."

"हो बाई! तेच तर…"

"मग तू हात का नाही दिलास?"

उजेड जाईल म्हणून आपण बाईंना "जरा तश्शाच थांबा हं" म्हणालो होतो, हे सेक्रेटरींना आठवलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"डॉक्टर, तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. "यालाच ठेवा. काय काय मोडलंय ते याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. आणि तू रे, कॅमेरा आण इकडे."

"पण बाई…"

"आण म्हटलं ना!"

वर्गात गोट्या जप्त व्हायच्या, तसा कॅमेरा बाईंच्या पिशवीत गेला. "बाराही गोष्टी दुरुस्त झाल्या की घेऊन जा."

सात आठवडे सेक्रेटरी प्लंबर, गवंडी आणि वायरमनच्या मागे पळत होते. सगळ्यात शेवटी कठडा झाला. रंग वाळल्यावर ते दबकत बाईंकडे गेले. बाईंनी कॅमेरा परत दिला आणि जिन्यात येऊन नव्या कठड्यावर हात टेकला.

"काढ आता."

सेक्रेटरींनी कॅमेऱ्याला डोळा लावला. सवयीनं अर्थ शोधला. वाकून शोधला, दोन पायऱ्या उतरून शोधला. कठड्यावर एक हात होता, बस्स. त्यांनी फोटो काढला.

"काय नाव देणार रे याला?"

"कठडा, बाई."

"शाबास! आता ही पिशवी धर. बाजारात जायचंय."

कठड्याला धरून बाई झपाझप खाली निघाल्या. आणि गळ्यात कॅमेरा, हातात पिशवी अशा थाटात बिनविरोध सेक्रेटरी त्यांच्या मागोमाग.