चौऱ्याऐंशी मीटर कापड

आमच्या शाळेतले धकाते गुरुजी लग्नाच्या पंगतीतसुद्धा परीक्षेची देखरेख करत. वाढपी बुंदीची परात घेऊन निघाला की हे ताटावरून उठायचे, मनगटावरचं घड्याळ डोळ्याजवळ न्यायचे आणि म्हणायचे, "बोलू नका! शेजाऱ्याच्या पत्रावळीत पाहू नका! शेवटची दहा मिनटं उरली!" एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या दोन मामांना शेजारी बसलेले पाहून लांबलांब बसवलं. मामा रुसले. त्यांची समजूत काढता काढता मुलीकडच्यांच्या नाकी नऊ आले.

मी त्याच शाळेत मराठी आणि शिवण शिकवायचे. सगळ्या शाळेत बाईमाणूस मी एकटीच, आणि ऐकून घेणारीही मी एकटीच. त्यामुळे गुरुजींची बडबड माझ्या वाट्याला. "प्रश्न दोनदा वाच, गा!" हे त्यांचं पालुपद. सायकलरिक्षावाल्याला सदर भागात जायचं सांगायचे आणि तो पायडल मारणार एवढ्यात, "प्रश्न दोनदा वाच, गा! कुठं जायचं म्हटलं मी?" नाडी पाहणाऱ्या डॉक्टरलाही त्यांनी हेच ऐकवलं होतं. डॉक्टरनं पुन्हा म्हणून औषध दिलं नाही.

गुरुजींची बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बाळंतपणात गेली, बाळही गेलं. दुसरं लग्न का केलं नाही म्हणून मी एकदा आगाऊपणानं विचारलं, तर म्हणाले, "बाई, माहा शिष्यवृत्तीचा वर्ग सकाळी सहाले असते. कोणती बाई उठून चहा करून देईन?" मी हसले. आता वाटतं, हसायला नको होतं.

हा वर्ग म्हणजे त्यांचा संसार. शाळा विणकरांच्या वस्तीत, सातवीपर्यंतची. घरोघरी हातमाग, दिवसभर खटखट. सातवीची शिष्यवृत्ती मिळाली तर पोर हायस्कुलात जायचं, नाहीतर मागावर. सदर-धरमपेठेसारख्या सुखवस्तू वस्त्यांतल्या शाळांतली पोरं दरवर्षी झळकायची. आमच्याकडून आजवर एकही नाव लागलं नव्हतं. गुरुजी फुकट शिकवत, ओरडून शिकवत, आणि त्यांची एक खास रीत होती. गणित कसलंही असो, ते म्हणत, "समज, तुह्या घरचंच हाय." पुस्तकात हौद भरायचं गणित आलं. पोरांनी जन्मात हौद पाहिलेला नाही. "समज, तुह्या घरचा रांजण हाय." लगेच एक पोट्टा उठून म्हणाला, "गुरुजी, पण आमच्याकडं नळ दोनच तास येते." गुरुजी इतके खूश झाले की त्याला स्वतःच्या डब्यातला लाडू दिला. उत्तर चुकलेलंच होतं.

त्या वर्षी मंदा होती. रामाजी विणकराची थोरली. मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता पाढे म्हणायची, आणि तिला दोनदा काही सांगावं लागत नसे. "बाई, ही काढते," गुरुजी मला रोज सांगायचे. रामाजीनंही कबूल केलं होतं, शिष्यवृत्ती आणली तर पोरगी शिकू देतो. नाही आणली तर मागावर बसवतो, घरी हात कमीच पडतात.

परीक्षा झाली. पोरं बाहेर आली तशी गुरुजींनी फाटकातच गाठली. पहिलंच गणित होतं: एक विणकर दिवसाला चार मीटर कापड विणतो, तर तीस दिवसांत किती? आंधळ्यानंही सोडवावं असं.

"किती आलं?"

"चौऱ्याऐंशी!" सगळी एका सुरात ओरडली. मंदा सगळ्यांत मोठ्यानं.

गुरुजींचा चेहरा उतरला. "एकशे वीस नाही का गा?"

"कसं येईन, गुरुजी?" मंदा म्हणाली. "चार दिवस बाजारात कापड न्यायचं. चार दिवस सुताले खळ लावायची. अमावस्येले माग बंद. उरले एकवीस."

मी तर हसून हसून बेजार. गुरुजी हसले नाहीत.

महिन्याभरानं शिक्षण खात्याचे साहेब आले. हेडमास्तरांच्या खोलीत मलाही बोलावलं होतं, मी परीक्षेला पर्यवेक्षक होते म्हणून. साहेब म्हणाले, "एका शाळेच्या सगळ्या मुलांचं एकच चुकीचं उत्तर. ही नक्कल आहे."

नक्कल झाली नाही, असं मी सांगितलं; गुरुजींनी बाजार, खळ, अमावस्या सगळं समजावलं. साहेबांनी चष्मा पुसला. "मास्तर, इतक्या मुलांना आपोआप तेच सुचलं? एक तर नक्कल झाली, नाहीतर तुम्हीच असं शिकवलं. नक्कल असेल तर ही मुलं पुढं कुठल्याच परीक्षेला बसणार नाहीत."

"मीच शिकोलं, साहेब," गुरुजी म्हणाले.

धादांत खोटं! विणकराचं गणित त्यांनी वर्गात कधी घेतलंच नव्हतं. म्हणायचे, घरीही माग, शाळेतही मागच काहून?

पोरांवरचा नकलेचा ठपका टळला. शिष्यवृत्ती कुणालाच मिळाली नाही. मंदाचं नाव अगदी थोडक्यात हुकलं, ते एक गणित बरोबर असतं तर लागलं असतं, असं साहेबच जाता जाता बोलून गेले. सकाळचा वर्ग गुरुजींकडून काढून एका नव्या मास्तराला दिला. पोरांना गुरुजींनी सांगून टाकलं, "चूक माही हाय. मीच घरचं समजा म्हणत होतो."

मग एका संध्याकाळी रामाजी आला. शाळा सुटली होती. व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो.

"गुरुजी, पोट्टी तुमच्या भरोशावर टाकली होती. येत नाही तं शिकवता काहून? आता बसली ते मागावर. जिंदगी खराब केली तुम्ही तिची!" आणखीही बरंच बोलला, ते लिहिण्यासारखं नाही.

"चुकलं, रामाजी," गुरुजी हात जोडून म्हणाले. रामाजी पाय आपटत निघून गेला.

माझं डोकं फिरलं. "अहो, तोंड शिवलंय का तुमचं? सांगा ना त्याला! पोरीनं त्याच्याच मागाचे दिवस मोजले. लहानपणापासून घरात पाहिलं तेच लिहिलं. तुमचा काय दोष?"

"म्हणूनच तं नाही सांगत, बाई," गुरुजी म्हणाले. "सांगितलं तं त्याले वाटन, माह्या मागापायी पोट्टी बुडाली. आता मास्तराले शिव्या देऊन घरी तं गेला. सोताले शिव्या देत कुठं जाईन तो? घरी गेला का मागच हाय समोर."

मी तिथंच बाकावर बसून रडले, आणि गुरुजी बिचारे मलाच समजावत राहिले.