वेदीपाशी बांधलेली शेळी

शास्त्र वाचणं सोपं आणि समजणं अवघड, यावर सगळ्या जाणत्यांचं एकमत आहे. समजल्यावर तसं वागणं किती अवघड असतं, याबद्दल मात्र खात्रीची माहिती मिळत नाही. तिथवर अजून कोणी पोचलेलं नाही.

कडुबाच्या नातीचं, सुलेखाचं, लग्न झालं ते शहराचं नाव सरकारी कागदावर बदललं त्या वर्षी. (पत्रिकेत जुनं नाव होतं, कमानीवर नवं. दोन्ही नावांनी निघालेले पाहुणे वेळेवर पोचले.) जेवणाआधी प्रार्थना करायचा मान कडुबाचा थोरला भाऊ कचरू याचा. तो सिल्लोडहून तयारीनं आला होता. त्यानं नवरा-नवरी, दोन्ही घराणी, आचारी, यंदाचा मका, प्रवासातले लोक, आजारी लोक आणि राज्यकर्ते यांच्यासाठी क्रमानं प्रार्थना केली. राज्यकर्ते झाल्यावर तो दम घ्यायला थांबला. मटणावरचा तवंग थिजायला लागला होता. कडुबाला वाटलं, झालं. तो मोठ्यानं "आमेन" म्हणाला.

सगळा मांडव "आमेन" म्हणाला आणि जेवायला लागला. कचरूचे डोळे मिटलेलेच होते. विधवा, अनाथ आणि तुरुंगातले लोक अजून बाकी होते. त्यानं डोळे उघडले, पंगतीकडं पाहिलं, टोपी घातली आणि तसाच उपाशी सिल्लोडला निघून गेला.

दुसऱ्याची प्रार्थना मध्येच बंद पाडणं हा कुठल्याही कायद्यात गुन्हा नाही. त्यामुळं त्याला माफीचीही तरतूद नाही. भावाभावांचं बोलणं बंद झालं. बाप गेल्यावर कचरूनंच कडुबाला वाढवलं होतं, खांद्यावर बसवून देवळात (चर्चला आमच्यात देऊळच म्हणतात) नेलं होतं. पण असल्या गोष्टी भांडणात पुरावा म्हणून चालत नाहीत.

त्याच वर्षी सुगीचा सण आला. या सणाला चर्चच्या मंडळीतले लोक आपल्या घरचं काही ना काही वेदीपाशी आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. कोणी भोपळा आणतं, कोणी कोंबडा. बायकोनं, पारूबाईनं, परसात वाढवलेली शेळी कडुबानं आणली होती. शिवाय त्या दिवशीचं शास्त्रवाचन त्याच्याकडं होतं. कडुबा साठाव्या वर्षी अक्षरं शिकला होता आणि बोट न ठेवता वाचायचा. वचनाचा आशय असा होता, की दान घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन दान दे.

कडुबानं वाचलं. शेळीचा दोर वेदीच्या पायाला बांधला आणि दाराकडं चालायला लागला.

दारात मंडळीतले इंद्रजीत सर होते. "काका, कुठं?"

"सिल्लोडला."

"मध्येच?"

"आत्ता वाचलं की, सर."

इंद्रजीत सरांनी त्याला हाताला धरून परत बसवलं. मंडळीवर केवढा अनर्थ ओढवणार होता याची लोकांना अजून पुरती कल्पना नाही. वाचलं आणि केलं, अशी प्रथा एकदा पडली तर उद्या कोण काय करेल याला धरबंध राहणार नाही.

सरांचा या विषयातला अधिकार मोठा. शास्त्राचा अर्थ प्रामाणिकपणे कसा लावावा, याचा टपालानं येणारा तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी सात वर्षं काळजीपूर्वक केला होता. त्यांनी पाळकसाहेबांच्या परवानगीनं दर शनिवारी यथार्थ अर्थबोध वर्ग सुरू केला. वर्गाचे नियम थोडे आणि स्पष्ट होते. मागचं-पुढचं वाचल्याशिवाय कुठल्याही वचनाला हात लावायचा नाही. त्या काळचा देश, चालीरीती आणि हवामान समजून घ्यायचं. आणि अर्थ पूर्ण लागेपर्यंत त्या वचनावर कोणीही अंमल करायचा नाही, कारण चुकीच्या अर्थानं पाळलेली आज्ञा ही मोडलेल्या आज्ञेपेक्षा घातक. (मोडलेल्या आज्ञेला निदान पश्चात्तापाची सोय आहे.)

कडुबाला समोरची खुर्ची मिळाली. वचन दर शनिवारी तोच वाचायचा.

अभ्यास कसून झाला. आपल्या देवळातली वेदी शहागंजमधून आणलेलं टेबल आहे, तर ती वेदी धरावी का, यात पहिला पावसाळा गेला. मग "जा" या शब्दापाशी वर्ग थांबला. त्या काळी एसटी नव्हती, तेव्हा सिल्लोडला बसनं गेल्यास मूळ अर्थाला बाध येतो असं एक मत पडलं. पायी जाणाऱ्याचं नाव पुढं येईना, म्हणून ते मत राखून ठेवलं. सगळ्यात जड गेला आठवण्याचा मुद्दा. भाऊ माणसाला स्वतः आठवला पाहिजे. कडुबाला त्या दिवशी घरून निघताना पारूबाईनं भावाची आठवण करून दिली होती, असं चौकशीत निघालं. बायकोनं करून दिलेली आठवण ही आठवण मानावी का? विवाहित पुरुषांनी एकमुखानं सांगितलं, की तसं मानलं तर फार गोष्टी कराव्या लागतील.

वर्गानं मंडळीची पाहणीही केली. शंभरातल्या ब्याण्णव लोकांनी सांगितलं, की वचन उत्तम आहे, पण आमच्या घरचं प्रकरण वेगळं आहे. उरलेल्या आठांना भाऊच नव्हता.

शेळी वेदीपाशीच होती. दान दिलेलं नसल्यामुळं तिचा लिलाव होईना आणि ठेवलेलं असल्यामुळं तिला घरी नेता येईना. उपासनेला तिच्याइतकी नियमित हजेरी कोणाचीच नव्हती. तिनं वेदीवरची फुलं खाल्ली, पेटीची खोळ खाल्ली आणि सरांची टिपणं खाल्ली, त्यामुळं वर्ग पुन्हा वेदीच्या मुद्द्यावर गेला. ती येतानाच गाभण होती. तिला दोन करडं झाली, ती दानात धरावीत का यावर मतभेद राहिले. तिच्या दुधाचा चहा मात्र वर्गाला एकमतानं चालायचा.

पारूबाई वर्गाला येत नसे. ती शेळीला पाला घालायला यायची. एकदा दारात उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "सिल्लोडचा रस्ता डायवरला पाठ हाय. तुमाला निस्तं बसायचंय गाडीत."

"अर्थ लागायचाय अजून," कडुबा म्हणाला.

"तुमाला लागायचाय. शेळीला कवाच लागला, ती गप बसलीय वाट बघत."

एक गोष्ट कडुबा कोणाला सांगत नसे. अभ्यास चालू होता तोवर दादाचं तोंड बघावं लागत नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात सिल्लोडहून कचरूच्या बायकोचा, चतुराबाईचा, फोन आला. ती म्हणाली, की ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या, डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलंय. मग म्हणाली, "भाऊजी, एक सांगू का? त्या लग्नापासून ह्यांनी जेवताना आमेन म्हटलं नाय. प्रार्थना करत्यात अन् तशीच सोडून देत्यात. इचारलं तर म्हणत्यात, आमेन कडुबाकडं हाय, तो आणून देईल."

"कधीपासून?"

"सांगितलं की, लग्नापासून. आम्ही रोज उघड्या प्रार्थनेवर जेवतोय."

तो शनिवार होता. पारूबाईनं पिशवी भरून दिली. कडुबा पिशवी घेऊनच वर्गाला गेला आणि सिल्लोडला निघतो म्हणाला. इंद्रजीत सरांचे डोळे भरून आले, ते खरंच भले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "काका, सगळं झालंय. फक्त 'आधी' हा एक शब्द राहिलाय. पुढच्या शनिवारी तोही होईल. इतकं केलं, आता एका शब्दासाठी कच्चं ठेवता?"

समोरची खुर्ची मोकळी होती. कडुबानं पिशवी मांडीवर घेतली आणि बसला. त्या दिवशीही वचन त्यानंच वाचलं, आणि छान वाचलं.

मधल्या मंगळवारी फोन आला. बुधवारी सिल्लोडला चिखलात कबर खणली होती. कडुबा बसनं गेला; मूळ अर्थाला बाध येतो का, हे कोणी विचारलं नाही. तिथल्या पाळकांनी प्रार्थना केली आणि ते थांबले. सगळे कडुबाकडं बघायला लागले. कडुबानं ओठ मिटून धरले होते. पाळक दम घ्यायला थांबलेत की संपलं, याची त्याला या खेपेला खात्री करून घ्यायची होती. लोक चिखलात उभे राहिले. शेवटी चतुराबाई म्हणाली, "म्हणा भाऊजी. आता कुणी मध्ये नाय."

कडुबानं ते म्हटलं. हळू म्हटलं. पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू गेलं नाही.

ठरल्याप्रमाणं शनिवारी वर्ग भरला. दोन मिनिटं उभं राहून शोक व्यक्त करण्यात आला आणि "आधी" या शब्दाचा अर्थ लागला. संपूर्ण वचनाचा यथार्थ अर्थ एकमतानं मंजूर झाला, तो असा, की दान वेदीपाशी ठेवावं, आधी जाऊन भावाशी समेट करावा, मग येऊन दान द्यावं. आता भावाच्या मनात काही उरलेलं नसल्यामुळं शेळी सोडता येईल का, हा प्रश्न नवा असल्यानं त्याचा अभ्यास पुढच्या शनिवारपासून घेण्याचं ठरलं. शेळी अजून तिथंच आहे. कडुबा तिला पाला घालतो. समोरच्या खुर्चीवर बसत नाही.

हे वाचताना एखाद्याला आपला भाऊ आठवला असेल, तर त्यानं घाई करू नये. आमच्या घरचं प्रकरण वेगळं आहे, असं वाटत असेल तर ते बरोबरच असेल. गोष्ट पुन्हा सुरुवातीपासून वाचावी, मागचं-पुढचं नीट बघावं, आणि वचनाचा नीट अर्थ लागल्यावरच फोन उचलावा.

कचरू मंगळवारी, १६ सप्टेंबर २०२५ रोजी, सकाळी सिल्लोडला आपल्या घरी वारला.