जायाले चार, याले साडेचौदा

दोन ठिकाणांमधले अंतर कुठल्याही टोकाकडून मोजले तरी सारखेच भरते, असा विज्ञानाचा विश्वास आहे. मी सुलतानपूरला राहते आणि जवळच लोणारला शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे माझाही होता.

विमानतळांमधली अंतरे सांगणारे एक संकेतस्थळ आहे. त्यानुसार मुंबई ते लंडन सुमारे सात हजार दोनशे किलोमीटर, साडेनऊ तास. (सुलतानपूर ते मुंबई हा भाग त्यात धरलेला नाही. तो प्रवाशाने सोसायचा असतो.)

सुलतानपूरच्या कलाबाईंनी मात्र थेट तिकीट आणि वेळापत्रकच तपासले. त्यांचा एकुलता मुलगा अश्वजित लंडनला अभियंता आहे. बहीण धम्मशीलाच्या लग्नाला त्याने यावे म्हणून तारीख दोनदा पुढे गेली होती. तिसऱ्यांदा नवरदेवाकडचे ऐकणार नव्हते. जाण्याच्या तिकिटावर होते : मुंबई दुपारी दोन, लंडन संध्याकाळी सहा. येण्याच्या वेळापत्रकात : लंडन सकाळी नऊ, मुंबई रात्री साडेअकरा.

“जायाले चार तास अन् याले साडेचौदा!” कलाबाई म्हणाल्या. “मंग पोट्टं काऊन येईन, मॅडम?”

मी एक संत्रे आणि टॉर्च घेऊन पृथ्वीचे फिरणे समजावले. लंडनचे घड्याळ साडेपाच तास मागे असते, हेही सांगितले. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले, पृथ्वी सोलली आणि मला अर्धी दिली.

गावाने कलाबाईंचा सिद्धांत आकडेवारीवर तपासला. गावातून परदेशी गेलेले : पाच. सुखरूप पोहोचलेले : पाच. परत आलेले : अर्धा. (एक जण मुंबईपर्यंत आला होता.) सिद्धांत मंजूर झाला.

लग्नाच्या आठ दिवस आधी अश्वजितचा फोन आला. मी तिथेच होते.

“आई, सुट्टीचं जरा...”

“राहू दे बाबू. साडेचौदा तास लागते. मले माहीत हाय.”

मग अभियंता म्हणाला, “हाव आई. लय लांब पडते.”

त्याचे पदवीला भौतिकशास्त्रात ब्याण्णव गुण होते.

लग्न वेळेवर लागले. वाढपी आवरत असताना कलाबाईंनी शेजारच्या नीळकंठरावांकडे बोट दाखवले. त्यांचा चिन्मय पुण्याला असतो आणि तीन वर्षांत आलेला नाही.

“मॅडम, पुण्याचं घड्याळ किती मागं हाय?”

“मागे नाही. आपलंच घड्याळ आहे.”

“मंग त्याले काऊन इतका टाइम लागून राह्यला?”

हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकांपैकी कुणाला उत्तर ठाऊक असल्यास आपापल्या गावी कळवावे. फोनवर सांगू नये, समक्ष द्यावे. बस रोज आहे, आणि दोन्ही बाजूंनी सारखाच वेळ घेते.