साठ गुराख्यांचे एकशेवीस जाहले ती हकीकत

नारीन शहरीं, पशुवैद्यकाचे संस्थानीं, आयझिरेकबाई नामें शिष्येनें प्रबंधाची मोहीम मांडिली, ते समयीं कैसा प्रसंग गुदरला आणि कोण्या मसलतीनें तो निभावला, तें यथास्थित लिहितों.

बाईंनी उन्हाळी कुरणावर मुक्काम करोन साठ गुराख्यांस पुसिलें, दूध उकळोन पितां काय; मग कच्च्या दुधानें येणाऱ्या तापाविषयीं शिकवण दिली; आणि मग त्याच साठांस फिरोन पुसिलें. उकळणारे आधीं वीस, मागाहून तीस. त्यावर मार्गदर्शक तुरदुबेक आगाय (आगाय म्हणजे गुरुजी), गणितांत सख्त आणि कोणाचें न ऐकण्यांत त्याहून सख्त, यांनी आधींचे साठ निराळे व मागाहूनचे साठ निराळे ऐसीं एकशेवीस माणसें धरोन, दोन परक्या टोळ्यांची तुलना करणारी काय-वर्ग कसोटी चालविली. आणि कसोटीनें निवाडा दिला कीं फरक निव्वळ योगायोगही असेल, शिकवण सिद्ध नाहीं. मग प्रबंध तपासणाऱ्या सभेच्या नऊ सरदारांपैकीं सातांचा कौल विरुद्ध पडला. आणि अखेरचा कौल जेवणानंतर घ्यावा ऐसें ठरलें. चार वर्षांची मेहनत बुडाली, पदवी गेली, ऐसा बाईंस घोर लागला.

मग दस्तरखान पसरिला. मेंढीचीं हाडें मानापानाप्रमाणें वाटण्याचा अधिकार आगायांचा, आणि त्यांत तिळमात्र चूक होत नसे. बाई चहा ओतितां ओतितां बोलिल्या:

“आगाय, हात धुवायला बाहेर गेलेला पाहुणा परत आला, तर त्याला दुसरं हाड देता का?”

“खुळी का काय, पोरी? माणूस तोच ना?”

“माझे गुराखीही तेच होते.”

(येथें बखरीचा कागद रश्श्यानें भिजला आहे.)

सभेच्या अध्यक्षा उमसुनाय एजे (एजे म्हणजे ताई) म्हणाल्या, “घ्या तुरदुबेक, आधी घास गिळा. हिशोब मग करा.”

मग आगायांनीं फर्माविलें कीं ज्यांचा जबाब दोन्ही वेळां एकच, ते बाजूस बसोत. फिरले तेवढेच मोजावे. हीच मॅकनेमार कसोटी. फिरले सोळा: तेरा उकळण्याकडे आले, तीन कच्च्याकडे गेले. मंडळी थोडी, सबब अदमास टाकोन नेमकी संभाव्यता काढिली; तों निव्वळ योगायोगें ऐसा कल शंभरांत सुमारें दोनदाच पडता. शिकवण सिद्ध जाहली.

मग फेरकौल. सातही विरोधी अनुकूल जाहले, उलट फिरला एकही नाहीं. बाईंनी मनांतल्या मनांत त्यांसही तीच कसोटी लाविली, आणि तोही फरक सिद्ध निघाला. मात्र सरदार गणितानें फिरले कीं मटणानें, हें जेवण न दिलेली दुसरी सभा असती तरच कळतें. आणि तैसी सभा त्या संस्थानांत कधीं भरलीच नाहीं. पदवी पदरीं पडली. फत्ते जाहली, ऐसी नोंद केली असे. कारणाचा रकाना कोरा ठेविला.