सात पाण्यांचा किन्वा

दामासो कोपाने ओरूरोच्या संशोधन केंद्रात छातीठोक सांगून टाकलं होतं, "साहेब, माझा किन्वा थंडीला भीत नाही, खाऱ्या मातीला नाक मुरडत नाही. अजून एक हंगाम द्या, जगाच्या ताटात वाढून दाखवतो!"

"कडवटपणाचं बोल," केंद्रप्रमुख डॉक्टर बेल्त्रान म्हणाले. "तो कमी नसेल तर तुझे चाचणीचे वाफे यंदा बंद."

किन्व्याच्या दाण्याच्या सालीत साबणासारखा फेसाळणारा कडवटपणा असतो; तो मोजायची रीत सोपी. दाणे नळीत घालायचे, पाणी ओतायचं, खळाखळा हलवायचं आणि वर आलेला फेस पट्टीने मोजायचा. जितका फेस, तितका कडू.

थुनूपा डोंगराखालच्या आपल्या गावाहून दामासोने चौदा वाणांच्या चौदा पुरचुंड्या आणल्या. प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा लोकरी दोरा. नळ्या हलवल्या. फेस नाही. चौदाच्या चौदा नळ्या भर दुपारच्या मिठागरासारख्या निपचित.

दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती. दामासोला सिद्धांत सुचला.

"आमच्या हिवाने कडवटपणा मारला, साहेब."

डॉक्टर इतके हरखले की आठवड्याभरात दोन पाहुणे गाडीत घालून गावात हजर. वाफ्यांत बियाण्यासाठी मागे ठेवलेली कणसं उभी होती, कुणी लाल, कुणी पिवळं, कुणी मावळतीच्या ढगासारखं जांभळं. वारा आला की सगळी एकमेकांच्या कानाला लागत. शेजारच्या गोड किन्व्यावर पाखरं तुटून पडली होती. इकडे एक पाखरू फिरकत नव्हतं.

"असं का?" एका पाहुण्याने विचारलं.

"आमची पाखरं शिस्तीची आहेत," दामासो म्हणाला.

डॉक्टरांनी एक कणीस चोळलं, मूठभर दाणे फुंकले आणि पाहुण्यांकडे बघत तोंडात टाकले. आधी त्यांचे कान हलले. मग चष्मा. मग ते बांधापलीकडे जाऊन बराच वेळ थुंकत राहिले.

एवढ्यात आत्या सातुर्निना साराचं पातेलं घेऊन आली. तिने दामासोला लहानाचं मोठं केलं होतं, आणि अजून ते काम संपलंय असं तिला वाटत नव्हतं.

"कच्चा खाल्ला?" तिने डॉक्टरांना न्याहाळलं. "शिकलेला माणूस ना हा?"

"आत्या, पुरचुंड्यांतला कडू नव्हता गं," दामासो रडकुंडीला आला.

"कसा असेल? मी धुतला होता."

तिने पातेलं बांधावर टेकवलं.

"तू दोन दिवस सालिनासला गेलास ना, तेव्हा. दगडी कुंडीत पायांनी मळला, धुतला, वाळवला. दोरे ज्याचे त्याला बांधले, एक इकडचा तिकडे नाही. साहेबाच्या घरी न धुतलेला किन्वा पाठवायचा? लोक म्हणाले असते, या पोराच्या घरात बाईमाणूस नाही."

"ते खायला नव्हतं, आत्या!"

"मग कशाला होतं? बघायला?"

दामासोला आपले तीन वर्षांचे वाफे फेसासारखे विरताना दिसले. डॉक्टर परत आले, डोळ्यांत पाणी.

"किती पाण्यांनी धुतलात, बाई?"

"सात. इथे पाणी दोन कोसांवरून आणावं लागतं, सोपं नाही. तो तांबड्या दोऱ्याचा तेवढा गुणी. दोन पाण्यांत मोकळा झाला. बाकीचे हट्टी, या पोरासारखे."

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. "फक्त दोन? या कोरड्या रानात? पुन्हा सांगा."

आत्याने पुन्हा सांगितलं, सार वाढता वाढता, आणि वाढलेलं त्यांना संपवायला लावलं.

वाफे राहिले. नव्या तक्त्यात फेसाच्या शेजारी एक रकाना वाढला: 'लागलेली पाणी'. मळणारे पाय दर वेळी तेच हवेत, असं शास्त्र म्हणतं. म्हणून वर लिहिलं गेलं, 'प्रमाणित पाय: सातुर्निना कोपा.' अगदी तळाला, बारीक अक्षरांत, चौदा वाणांसाठी दोन कोसांवरून पाणी वाहणाऱ्याचं नाव आहे.

ते आपलं नाव दामासोने स्वतःच लिहिलं. आत्या मागे उभी होती.