टेकडीवरचा मनमोकळा संवाद

रोज सकाळी ऑफिसला फोन करायचा, असा हुकूम ब्रिस्बेनहून आला, तेव्हा मर्व्ह टान्सलीने हातातला चहा आधी संपवला आणि मगच उसासा टाकला.

क्वीन्सलँडच्या पश्चिमेकडच्या माळावर गुरांच्या पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. माळावरची माणसं दिवसभर काय करतात हे ऑफिसला कळेना, म्हणून नव्या मॅनेजर ब्रॉनविन कियो यांनी 'मनमोकळा संवाद' सुरू केला होता. पण फोनला रेंज मिळायची ती एकाच टेकडीच्या माथ्यावर, आणि तिथे जाऊन येण्यात निम्मा दिवस मोडायचा.

मर्व्हने पहिल्याच फोनवर हे सांगितलं. ब्रॉनविननी आस्थेने ऐकलं आणि अडचणी अशाच कळवत राहा म्हणाल्या. तो कळवत राहिला. दुरुस्तीची कामं तुंबली. ती का तुंबली हे समजून घ्यायला त्यांनी दुपारचाही फोन सुरू केला. मग मर्व्ह आणि त्याचा जोडीदार टूमी यांनी खाली उतरायचंच सोडलं. टेकडीवर ताडपत्री बांधून दोघे बसून राहू लागले.

एके दिवशी गुरांची मालकीण हॅलोरनबाई धापा टाकत वर आली.

"माझी गुरं चिखल चाटताहेत. तुम्ही इथे करताय काय?"

"संवाद," टूमी म्हणाला.

बाईने थेट ब्रिस्बेनला तक्रार केली आणि ब्रॉनविन स्वतः निघाल्या. कोरड्या ओढ्याच्या वाळूत त्यांची गाडी रुतली. मर्व्ह आणि टूमीने ती ओढून काढली आणि त्यांना तडक हॅलोरनबाईच्या पंपावर नेलं. त्यांनी पाना धरला, कोपरापर्यंत ग्रीस लागलं. अखेर पाणी आलं, तेव्हा गुरांनी त्यांना ढकलून बाजूला केलं.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"रोज सांगत होतो."

त्यांनी हातावरचं ग्रीस पुसलं. मग म्हणाल्या, उद्यापासून फोन बंद. मर्व्हला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. फक्त वरच्या साहेबांच्या कानावर घालायला हवं होतं, म्हणून तिघे टेकडी चढले. ब्रॉनविन फोनवर खूप वेळ, अगदी कळकळीने बोलल्या. मग येऊन ताडपत्रीखाली बसल्या.

"काय म्हणाले साहेब?" मर्व्हने विचारलं.

"फार छान ऐकून घेतलं त्यांनी."

"मग?"

"म्हणाले, तुम्ही तिथेच थांबा. रोज असंच कळवत जा."

मर्व्ह थोडा सरकून बसला आणि त्याने तिसऱ्या कपात चहा ओतला.